ओल्या प्लास्टरची दहा मिनिटं



उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, सगळीकडे हस्तकलेची शिबिरं सुरू होतात. त्यातल्या कित्येक ठिकाणी मुलांपुढे तयार पांढरं फुलपाखरू नाहीतर गणपती ठेवतात आणि हातात रंग देतात. तासाभरात वस्तू रंगते, घरी येते, कौतुकही होतं. मला मात्र दर वेळी हळहळ वाटते. प्लास्टर कडक होण्याआधीची दहा मिनिटं हा या कलेचा प्राण आहे, आणि नेमकी तीच दुसऱ्या कुणीतरी आधी उरकून टाकलेली असतात.

ती मुलाला देणं काही कठीण नाही. घराच्या छताला लावतात ते पीओपी, म्हणजेच प्लास्टर ऑफ पॅरिस, हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं. शाडूची जाडसर लादी थापायची, भोवती मातीचाच काठ उभा करायचा. सोसायटीच्या आवारात पडलेलं पिंपळाचं पान शिरांची बाजू खाली करून त्यावर दाबायचं आणि अलगद उचलायचं. शेजारी मुलाचा अंगठा उमटू द्यायचा. मग नाकाला रुमाल बांधून प्लास्टर कालवायचं. आधी पाणी, त्यावर पावडर. उलट केलं तर गुठळ्या ठरलेल्या. पावडर भुरभुरत राहायची आणि पाण्यावर तिचं छोटं बेट दिसू लागलं की थांबायचं. हलक्या हाताने ढवळायचं, बासुंदीइतकं दाट झालं की ओतायचं. इथे रेंगाळून चालत नाही. आई हाक मारतेय, फोन वाजतोय, प्लास्टरला त्याचं काही नसतं. मोठ्यांच्या धाकाने घाई करणारी मुलं इथे आपणहून लगबग करतात, कारण समोरचा पदार्थ बदलताना त्यांना हाताखाली कळतो.

थोड्या वेळाने वरून हात लावला की प्लास्टर कोमट लागतं. जिप्समचा खडक साधारण दीडशे अंशांवर भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं, उरते ती ही पावडर. आपल्या देशात हा खडक मुख्यतः राजस्थानातून येतो. आपण पाणी घातलं की ती पावडर ते परत शोषून पुन्हा जिप्सम होते आणि होताना उष्णता बाहेर टाकते. त्याच वेळी किंचित फुगतेही, म्हणून पानाची बारीकशी शीरसुद्धा तिच्यातून सुटत नाही.

ही उष्णता गमतीवारी नेऊ नका. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यात एका शाळकरी मुलीने हातांचा ठसा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले, आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. हाताचा ठसा हवा असेल तर तो मातीत घ्यायचा आणि प्लास्टर मातीत ओतायचं. हात प्लास्टरमध्ये बुडवायचा नाही, कधीच नाही.

माती सोडवली की मूल थबकतं. अंगठ्याचा खड्डा टेकाड होऊन वर आलेला असतो. मातीत सरळ लिहिलेलं नाव उलटं उमटलेलं असतं. कुठे हवेच्या बुडबुड्याने खळगी पाडलेली असते. ती खळगी कृपा करून बुजवू नका.

माती आणि प्लास्टरची ही वाट मोठ्या शिल्पकलेपर्यंत जाते. अलिबागजवळच्या सासवणे गावात गणपती करणाऱ्या घरात शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर वाढले. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराज कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या नजरेस पडले आणि मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचला. पुण्यातला १९२८चा अश्वारूढ शिवपुतळा त्यांचाच. सासवण्याच्या त्यांच्या घरी आज संग्रहालय आहे; मांडव्याची बोट पकडली की मुंबईकराला ते एका दिवसात पाहून येता येतं. मुलांना जरूर न्या. करमरकरांच्याही आधी, १८९६ साली, गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थी असताना घडवलेलं 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प प्लास्टरचंच होतं.

पीओपीवर आपला राग आहे तो विसर्जनानंतरचा जुहूचा किनारा पाहून, आणि तो रास्तच आहे. ते पाण्यात सहज विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीच्या मूर्तींना मनाई केली ती म्हणूनच. मुलांनाही हे कारणासकट सांगावं: विसर्जनाचा गणपती शाडूचा करू, आणि जे जपून ठेवायचं ते प्लास्टरचं. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नये, पाइप तुंबतो.

ते दुधाच्या रिकाम्या खोक्यात ओता. तासाभराने पुठ्ठा सोलला की आत ओलसर ठोकळा मिळतो, आणि त्या दिवशी तो बोथट चमच्यानेही कोरता येतो. काय कोरायचं, हे मुलाला सुचवू नका.