त्या चौघांची श्रद्धा

आजचं शुभवर्तमान : मार्क २:१-१२



आजचा उतारा आपण सगळ्यांनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात चित्रं रंगवत ऐकलेला आहे. कफर्णहूममधलं घर, दारापर्यंत दाटलेली माणसं, आत येशू बोलतोय. चौघे जण पक्षाघात झालेल्या एका माणसाला खाटेसकट घेऊन येतात. आत शिरायला वाव नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि खाट खाली सोडतात. (त्या घरमालकाचं पुढे काय झालं हे मार्क सांगत नाही. मला दरवेळी त्याची काळजी वाटते.)

रंगवताना एक गोष्ट मात्र लक्षात आली नव्हती. खाटेवरचा माणूस सगळ्या उताऱ्यात एक शब्दही बोलत नाही. त्याला यायचं होतं का, त्याची इच्छा काय होती, कुणी विचारलेलं दिसत नाही. मार्क लिहितो ते एवढंच, की येशूने त्यांची श्रद्धा पाहिली आणि मग तो त्या माणसाशी बोलला. त्यांची म्हणजे आणणाऱ्यांची. काही भाष्यकार त्यात खाटेवरच्यालाही धरतात. धरू दे, तरी ते चौघे काही त्यातून वगळता येत नाहीत. म्हणजे दुसऱ्यांच्या श्रद्धेच्या बळावर एका माणसाला पापक्षमा मिळाली. हे योग्य झालं का?

हा प्रश्न सध्या आमच्या घरात फिरतोय. माझा मावसभाऊ पुण्याला आयटीत आहे. त्याची मुलगी आठ महिन्यांची झाली. नंदाखालला मावशीने पांढरा झबला शिवून ठेवलाय आणि मला धर्ममाता व्हायला सांगितलंय. भाऊ म्हणतो, "ताई, मी देवाच्या विरोधात नाही. पण तिला विचारलंय का कुणी? मोठी झाली की ती ठरवेल." मावशी रडते, तो फोन ठेवतो, आणि मग दोघेही मला मेसेज करतात.

आपल्यापैकी बरेच जण याला पटकन उत्तर देतात : अरे, मातृभाषा तरी आपण कुठे निवडली होती? आईबापांनी दिली, घेतली. मीही हेच लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मग जातही तशीच मिळते ना ताई? तीही न विचारता."

बरोबर आहे त्याचं. आणि आपण वसईकर ख्रिस्ती लोकांनी तर यावर फार मोठ्याने बोलू नये. सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेद चर्चच्या बाकांवर बसूनसुद्धा आपण जपले, लग्न ठरवताना तर हमखास. न विचारता मिळालेली प्रत्येक गोष्ट चांगलीच असते असं नाही. मातृभाषेचं उदाहरण गोड आहे, पण त्याने काहीही सिद्ध करता येतं. म्हणून ते मी बाजूला ठेवलं आणि वेगळा प्रश्न घेतला : आमच्या पूर्वजांना तरी कुणी विचारलं होतं का?

आमचा धर्मग्राम नंदाखाल. केळी-भाजीपाल्याच्या वाड्यांचं गाव, पवित्र आत्म्याच्या नावाचं चर्च. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच. या पट्ट्यात श्रद्धा कशी आली ते आपल्याला माहीत आहे, फक्त सणाच्या दिवशी आपण ते बोलत नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन आले, येशूसंघीय आले. खुद्द संत फ्रान्सिस झेवियर वसईत येऊन गेले. पण धर्मगुरूंच्या मागे किल्ला होता आणि किल्ल्यावर तोफा होत्या. देवळं पाडली गेली, ख्रिस्ती होणाऱ्यांना सवलती मिळाल्या. आमच्या घरातल्या ज्या पहिल्या माणसाच्या डोक्यावर पाणी पडलं, त्याच्या मनात प्रभू होता, भीती होती, जमीन होती की शेजाऱ्याने केलं म्हणून आपणही केलं, हे मला कधीही कळणार नाही. बहुतेक सगळंच थोडं थोडं असेल. माणसाचं मन तसंच असतं.

मग १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. किल्ला गेला, सवलती गेल्या, युरोपीय मठवासी निघून गेले. काही घराणी जुन्या धर्माकडे परतली, आणि त्यांना नावं ठेवायचं कारण मला दिसत नाही. पण गावोगावी बरीच माणसं थांबली. देशी धर्मगुरूंनी मिस्सा चालू ठेवली आणि घरातल्यांनी जपमाळ. आता ख्रिस्ती राहण्यात कसला फायदा नव्हता. ज्यांच्या बापजाद्यांना कदाचित धड विचारलंही नव्हतं, त्यांना आता विचारलं जात होतं, तेही रोज. आमची वेल त्या थांबलेल्यांची आहे.

हे भावाला सांगितलं तर तो म्हणेल, टिकलं म्हणून खरं ठरलं का? जातही टिकली. म्हणून आणखी एक गाव घेते, ते दूर आहे, पण वसईच्याच माणसामुळे आपलं आहे.

संत गोन्सालो गार्सिया वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. आधी व्यापारी, नंतर फ्रान्सिस्कन बंधू. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर मारल्या गेलेल्या २६ जणांत ते होते, १८६२ साली संत जाहीर झाले. दरम्यान जपानात १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. नागासाकीजवळ उराकामी नावाचं शेतकऱ्यांचं गाव होतं. तिथं दोनशेहून जास्त वर्षं मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, तैलाभ्यंग नाही. राहिला तो बाप्तिस्मा, कारण गरज पडली तर तो कुणीही देऊ शकतं. गावातलाच एक माणूस बाळांच्या डोक्यावर पाणी ओतायचा, ऐकून ऐकून पाठ झालेले शब्द म्हणायचा. मग परदेशी लोकांसाठी नागासाकीत ओउरा इथं चर्च बांधलं गेलं, त्या २६ हुतात्म्यांच्या नावाचं. १७ मार्च १८६५ ला उराकामीचे काही लोक तिथं आले आणि फादर पेतिजाँ यांना हळूच म्हणाले की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे. आपल्या वसईच्या गोन्सालोचं नाव ज्या चर्चच्या नावात आहे, त्याच दारातून ते आत आले.

ही गोष्ट आपण नेहमी आनंदाने सांगतो. पण भावाचा प्रश्न डोक्यात ठेवून वाचली तर अंगावर काटा येतो. उराकामीत बाळाला बाप्तिस्मा देणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. ते बाळ सापडलं असतं तर छळ त्याच्याही वाट्याला आला असता. कुणी विचारलं होतं त्याला? मी त्या गावात आई असते तर मला ते जमलं असतं असं वाटत नाही. आणि त्या आयांना क्रूर म्हणायलाही माझी जीभ वळत नाही, कारण जो धोका त्यांनी बाळाला दिला तो आधी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला होता. पाणी बाळावर पडत होतं, पण पकडले गेले असते तर पहिला जाब त्यांना द्यावा लागला असता.

इथं मला काहीतरी सापडलं. आपण "बाळाला बांधलं" म्हणतो तेव्हा नक्की कोण बांधलं जातं?

बाप्तिस्म्याचा विधी नीट ऐका, पुढच्या वेळी फोटो काढायच्या आधी. जुन्या विधीत धर्ममाता-पिता बाळाच्या वतीने उत्तरं द्यायचे, जणू बाळच बोलतंय. १९६९ साली खास बालकांसाठी विधी तयार झाला, त्यात हे नाटक काढून टाकलं. आता धर्मगुरू आईवडिलांना विचारतात, धर्ममाता-पित्यांना विचारतात, आणि ते स्वतःची श्रद्धा कबूल करतात. स्वतःची! बाळ काहीच वचन देत नाही. वचन देतात ते भोवती उभे असलेले मोठे. धर्मसभेचा कायदाही हेच धरून चालतो. कलम ८६८ म्हणतं की आईवडिलांपैकी निदान एकाची संमती हवी, आणि मूल श्रद्धेत वाढवलं जाईल अशी आधार असलेली आशा हवी. ती अजिबात नसेल तर बाप्तिस्मा लांबवायचा. बघा, आपण समजतो तसं चर्च दिसेल त्या बाळाला धरून पाणी ओतत नाही.

म्हणून मला वाटतं भावाचा प्रश्न खरा आहे, पण तो चुकीच्या माणसाला विचारला जातोय. मुलगी तयार आहे का, हे विचारून उपयोग नाही. आम्ही तयार आहोत का? जेवणावळीसाठी आणि मावशीच्या समाधानासाठी बाप्तिस्मा उरकून टाकणाऱ्यापेक्षा "मला हे वचन देता येत नाही" म्हणणारा माझा भाऊ मला जास्त प्रामाणिक वाटतो. मावशीला हे आवडणार नाही. पण ती हे वाचत नाही.

तरी "मोठी झाली की ठरवेल" हे मला पूर्ण पटत नाही. संत ऑगस्टीन लहानपणी आजारी पडले तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी झाली, बरे झाले म्हणून ती लांबली, आणि अखेर ३८७ साली ईस्टरला मिलानमध्ये संत अँब्रोझ यांच्या हातून त्यांना बाप्तिस्मा मिळाला. प्रौढ माणूस, पूर्ण विचार करून दिलेला होकार. भावाला हवं तसं अगदी. पण ते स्वतःच पुढे आपल्या आत्मकथनात विचारतात की मला थांबवून ठेवण्यात माझं काय भलं झालं. ज्याला निवडायला मोकळं सोडलं, त्याच माणसाने मागे वळून विचारलेला हा प्रश्न आहे.

बाप्तिस्मा पुसता येत नाही, हा भावाचा शेवटचा मुद्दा, आणि सगळ्यात जड. मी लग्नाच्या वेळी दाखला आणायला गावी गेले होते, तेव्हा चर्चच्या ऑफिसात ती नोंदवही उघडली गेली. लांबट पानं, एका ओळीत एक जीव : नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडील, धर्ममाता-पिता, धर्मगुरूंची सही. शेजारी मोकळी जागा, तिथं पुढे दृढीकरण संस्काराची नोंद होते, लग्नाची होते. संमती नावाचा रकाना नाही. पण ती मोकळी जागा मी बराच वेळ बघत होते. माझ्या ओळीच्या वरखाली काहींच्या शेजारी नोंदी होत्या, काहींची जागा कोरीच. त्या कोऱ्या जागेसाठी कुणी कुणाला बोलावणं पाठवत नाही, दंड करत नाही. ओळ मात्र खोडली जात नाही. खोडायची नाही असं वचन देवाने दिलंय, त्या मुलीने नाही.

आणि शुभवर्तमानातला माणूस? येशू त्याला आपल्या मागे यायलासुद्धा सांगत नाही. खाट उचल आणि घरी जा, एवढंच. ते चौघे छपरावरून बघत असतील. कुणी म्हणत नाही, अरे, इतक्या लांबून आणलं, थांब जरा, आभार तरी मान. ज्या खाटेवर त्याला न विचारता आणलं, तीच काखेत मारून तो आपल्या पायांनी निघून गेला. जात आणि बाप्तिस्मा यांतला फरक मला या ठिकाणी दिसतो. जातीने उचललेलं माणूस ठेवलेल्या जागीच राहावं अशी अपेक्षा असते. इथं उचलून आणलं ते उभं राहण्यासाठी, मग तो कुठल्याही दिशेला जावो.

भावाला एवढंच लिहिलंय : तू वचन देऊ शकत नसशील तर आत्ता बाप्तिस्मा नको, मावशीशी मी बोलते. आणि देणार असशील तर धर्ममाता म्हणून माझा कोपरा मी धरेन. म्हणजे नामकरणाला चांदीचा वाळा देऊन मोकळी होणार नाही. महिन्यातून एक रविवार पुण्याला येईन, तिला मिस्साला नेईन, आणि ती पंधरा वर्षांची होऊन "मला नाही पटत" म्हणाली तर तेही ऐकून घेईन. निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.

प्रार्थना : प्रभू येशू, आम्हाला ज्यांनी उचलून तुझ्यापाशी आणलं त्यांची नावं आज आम्ही घेतो. (इथं थांबा, खरंच नावं घ्या.) ज्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत, ज्यांच्या मनात काय होतं ते माहीत नाही, त्यांनाही तुझ्या हाती देतो. आमेन.

उद्याचं वाचन : मार्क २:१३-१७. जकात नाक्यावर बसलेला लेवी. त्याला कुणी उचलून आणत नाही, येशू स्वतः विचारतो आणि तो स्वतः उठतो. भाऊ, तू वाचत असशील तर उद्या नक्की ये.