‘लैला’: दोन नावं आणि एक गाळलेलं

१९९३च्या फेब्रुवारीत ‘बेस्ट रॉक साँग’चं ग्रॅमी ‘लैला’ला मिळालं. हे ग्रॅमी गाणाऱ्याचं नसतं, गाणं रचणाऱ्याचं असतं. त्यामुळे ते दोघांच्या नावे जाहीर झालं: गायक-गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि ड्रमर जिम गॉर्डन. क्लॅप्टननं त्या रात्री एकूण ६ ग्रॅमी नेली. गॉर्डन तेव्हा कॅलिफोर्नियातल्या तुरुंगात होता. १९८३मध्ये स्किझोफ्रेनियानं ग्रासलेला असताना त्यानं स्वतःच्या आईचा खून केला होता, आणि पुढच्या वर्षी त्याला किमान १६ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली होती. बरं, ज्या ध्वनिमुद्रणामुळे हे जुनं गाणं पुन्हा गाजलं, ते होतं १९९२चं ‘अनप्लग्ड’ रूप. गॉर्डनचा म्हणून जो भाग ओळखला जातो, तो त्यात क्लॅप्टननं घेतलाच नव्हता. पुरस्काराच्या कागदावर सहरचनाकार हजर होता, पण सुरावटीतून तो पुरता गायब होता.

‘दोघांनी मिळून लिहिलेलं गाणं’ म्हटलं की आपल्याला बीटल्सचे लेनन-मॅकार्टनी आठवतात. समोरासमोर बसलेले दोन मित्र, हातात गिटार, एकानं ओळ सोडायची, दुसऱ्यानं ती झेलायची. असं कधी कधी घडतंही. पण त्या जोडीनंही ठरवूनच टाकलं होतं की कोणाचंही गाणं असो, नावं दोघांची लागतील. ‘यस्टरडे’ हे एकट्या मॅकार्टनीचं, तरी नावं दोन. म्हणजे रचनाकारांची ओळ ही गाणं कसं जन्मलं याची नोंद नसते. ती वाटणी असते. आणि वाटणी म्हटली की घरात उपस्थित कोण होतं, कोणाचा आवाज चालत होता आणि कोणाला खिजगणतीत धरलं नाही, हे बघावं लागतं. ‘लैला’इतकं हे स्पष्ट दिसणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

१९७०ची गोष्ट. क्लॅप्टन आपल्या जिवलग मित्राच्या, जॉर्ज हॅरिसनच्या बायकोच्या, पॅटी बॉइडच्या प्रेमात पडला होता. इयान डॅलस या परिचितानं निजामी गंजवीच्या ‘लैला-मजनू’ काव्याचा अनुवाद त्याच्या हातात ठेवला. आपल्याकडे लैला-मजनू शाळेतल्या चिडवाचिडवीपर्यंत मुरलेले आहेत. इंग्लंडात ब्लूज वाजवणाऱ्या तरुणाला मात्र बाराव्या शतकातली ही फारसी कहाणी नवीकोरी होती, आणि प्रेमापायी वेडा झालेला तो नायक म्हणजे आपणच, असं त्याला वाटलं. त्यानं शब्द लिहिले, चाल बांधली. ती सुरुवातीला बरीच संथ होती.

मग मायामीचा क्रायटेरिया स्टुडिओ. निर्माता टॉम डाउड. ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ हा बँड नुकता जमलेला: क्लॅप्टन, कीबोर्डवर बॉबी व्हिटलॉक, बेसवर कार्ल रेडल, ड्रम्सवर गॉर्डन. डाउड क्लॅप्टनला ऑलमन ब्रदर्सच्या कार्यक्रमाला घेऊन गेला आणि ड्युएन ऑलमन पाहुणा म्हणून स्टुडिओत आला. आज जगभर ‘लैला’ ओळखली जाते ती पहिल्या दोन सेकंदांत, त्या उसळत्या गिटारच्या तुकड्यावरून. तो तुकडा ऑलमननं आणला. अल्बर्ट किंगच्या ‘अ‍ॅज द इयर्स गो पासिंग बाय’मधली एक गायलेली ओळ त्यानं उचलली, तिचा वेग वाढवला आणि गिटारवर चढवली. संथ प्रेमगीताचा आक्रोश झाला तो तिथे. ऑलमनचं नाव रचनाकारांत नाही. तो पुढच्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला.

जाता जाता त्या अल्बर्ट किंगच्या गाण्याचंही पाहावं. त्यावर रचनाकार म्हणून डेड्रिक मलोन असं नाव आहे. अशा नावाचा संगीतकार कोणी नव्हताच. ते ड्यूक रेकॉर्ड्सचा मालक डॉन रोबी याचं टोपणनाव. गरजू गीतकारांकडून चार पैशांत घेतलेली गाणी तो या नावावर चढवत असे. म्हणजे ‘लैला’चा पहिला सूर जिथून आला, तिथेही खऱ्या माणसाच्या नावावर आधीच बोळा फिरलेला होता.

आता गॉर्डनकडे. गाणं तीन मिनिटांच्या आसपास संपल्यासारखं होतं. गिटारी एकमेकींवर ओरडून थकतात आणि मग पियानो सुरू होतो. घाई नाही, तक्रार नाही. भरदार सुरांच्या जोड्या पायऱ्या उतरल्यासारख्या येत राहतात, वर ऑलमनची स्लाइड गिटार तरंगते आणि अगदी शेवटी तिच्यातून पाखराच्या आवाजासारखी एक चीत्कारवजा लकेर निघते. हा भाग मूळ ध्वनिमुद्रणानंतर काही आठवड्यांनी झाला आणि टेप कापून जोडला गेला. गॉर्डन स्टुडिओतल्या पियानोवर तो वाजवत बसलेला असताना क्लॅप्टनच्या कानावर पडला आणि त्यानं तो मागून घेतला. त्यामुळे गॉर्डनचं नाव गाण्यावर आलं. व्हिटलॉकला हा उत्तरार्ध कधीच आवडला नाही. गाणं त्यानं बिघडलं असं त्याचं मत. मला हे पटत नाही. १९७१मध्ये पियानो छाटून पावणेतीन मिनिटांची ‘लैला’ बाजारात आणली तेव्हा ती फारशी चालली नाही. १९७२मध्ये पूर्ण सात मिनिटांची आली तेव्हा अमेरिकेत १०व्या आणि ब्रिटनमध्ये ७व्या क्रमांकापर्यंत चढली. पुढे मार्टिन स्कॉर्सेसीनं ‘गुडफेलाज’मध्ये एकामागून एक प्रेतं सापडत जातात त्या प्रसंगाखाली फक्त हा पियानो वापरला. शब्द नाहीत, क्लॅप्टनचा आवाज नाही, तरी प्रेक्षक म्हणतो, ‘लैला’.

तो पियानो मुळात कोणाचा? गायिका रीटा कूलिज आणि गॉर्डन काही काळ एकत्र होते. तिचं म्हणणं असं की सुरांची उतरंड गॉर्डनला सुचली आणि तिला उत्तर देणारी दुसरी चाल तिनं बसवली. दोघांचं मिळून एक गाणं झालं, नाव ‘टाइम’. लंडनला जाऊन ते क्लॅप्टनला ऐकवलं आणि ध्वनिफीत त्याच्याकडे ठेवली. पुढे जो कॉकरच्या १९७०च्या ‘मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन’ दौऱ्यात गॉर्डननं तिला मारहाण केली आणि संबंध तिथेच तुटला. त्यानंतर एक दिवस ‘लैला’ तिच्या कानावर पडली आणि त्यात तिला आपली चाल सापडली. क्लॅप्टनचा व्यवस्थापक रॉबर्ट स्टिगवुड याच्याशी ती बोलली. त्यानं तिला उडवून लावलं. तू एक गायिका, तू काय करणार, असा त्याचा सूर होता, असं ती सांगते. ती नवखी होती, पहिला एकल अल्बम जेमतेम येत होता. कोर्टाची पायरी तिनं चढली नाही.

आठवणी दगा देतात, प्रेम तुटलेली माणसं हिशेब मांडतात, हे सगळं मान्य. तरी माझा कौल कूलिजच्या बाजूनं आहे. एक तर ती पूर्ण गाण्यावर हक्क सांगत नाही. सुरांची उतरंड गॉर्डनची, हे ती स्वतःहून देऊन टाकते. खोटा दावा करणारा माणूस सहसा इतका हात आखडत नाही. दुसरं, बँडमधल्याच व्हिटलॉकनं चाल तिची असल्याचं वारंवार सांगितलं, आणि त्यात त्याच्या पदरात काही पडणार नव्हतं. तिसरं कारण माझ्या मते सर्वांत वजनदार. तिची बहीण प्रिसिला आणि प्रिसिलाचा नवरा बुकर टी. जोन्स यांनी १९७३च्या ‘क्रॉनिकल्स’ या अल्बमवर ‘टाइम’ शब्दांसकट ध्वनिमुद्रित केलं आहे. ज्याला कान आहेत त्याला दोन्ही चालींची ओळख पटते.

क्लॅप्टनला नावं देण्याची अ‍ॅलर्जी होती असंही नाही. ‘लैला’ ज्या अल्बमवर आहे, त्याच अल्बमवर ‘आय अ‍ॅम युअर्स’ नावाचं गाणं आहे. त्याचे रचनाकार म्हणून छापलंय: क्लॅप्टन आणि निजामी. गंजा शहराचा कवी, आठशे वर्षांपूर्वी वारलेला, त्याचं नाव आदरानं घेतलं गेलं. ते बरंच झालं. पण हयात असलेल्या, फोन करून विचारणा करणाऱ्या बाईचं नाव त्याच तबकडीवर बसू शकलं नाही. मेलेल्या कवीला मान देण्यात कोणाचा हिस्सा कमी होत नाही, एवढाच मला यातून अर्थ लागतो.

गॉर्डनला फक्त लाभच झाला असं मात्र समजू नये. तो त्या काळातला अव्वल ड्रमर. ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’च्या १९७३च्या ‘अपाची’मध्ये त्याच्या ड्रम्सचा जो मोकळा तुकडा आहे, त्यावर न्यूयॉर्कच्या डीजेंनी हिप-हॉपचा पाया घातला, तो तुकडा पुढे असंख्य गाण्यांत कापून वापरला गेला. ‘अपाची’ची रचना जेरी लॉर्डनच्या नावावर आहे, कारण कायद्याच्या लेखी रचना म्हणजे चाल आणि शब्द. ताल ही वादकाची मजुरी. जिथे गॉर्डननं स्वतःच्या हातांनी काहीतरी अपूर्व घडवलं तिथे तो मजूर ठरला, आणि जिथे चाल वाटून घ्यायला हवी होती तिथे मालक.

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा संयुक्त कृतीची व्याख्या करताना म्हणतो की सहकार्यातून झालेल्या ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, ती संयुक्त. कागदावर चोख. पण स्टुडिओत उलटंच घडतं: वाटे चांगले वेगळे ओळखू येतात, फक्त ते ओळखायची कोणाला गरज वाटत नाही. आपल्या आकाशवाणीवर गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावं सांगण्याची पद्धत आहे, आणि भावगीताच्या ध्रुवपदाआधी व्हायोलिन किंवा सतारीचा जो तुकडा आपण नकळत गुणगुणतो, तो रचणारा संयोजक त्या तिघांत नसतो. आपल्यालाही क्लॅप्टनकडे बोट दाखवताना जरा जपूनच दाखवावं लागेल.

उशीर झाला म्हणून दुरुस्ती अशक्य असते, हे खरं नाही. ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे १९६७चं गाणं. त्यातला ऑर्गन मॅथ्यू फिशरचा, नावं मात्र गॅरी ब्रूकर आणि कीथ रीड यांची. फिशर २००५मध्ये कोर्टात गेला. २००६मध्ये न्यायाधीशांनी संगीतातला ४० टक्के वाटा त्याचा धरला, अपिलात पैसे गेले, नाव राहिलं, आणि २००९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्याचा हक्क परत दिला. चाळीस वर्षं थांबलात म्हणून रचनाकार असणं संपत नाही, असंच त्या निकालानं मानलं. यू-टूसारख्या बँडनं तर हा वादच ठेवला नाही. संगीत सगळ्यांचं, असा त्यांचा रिवाज. त्यात आळशाचंही फावतं, पण निदान कोणी दाराबाहेर राहत नाही.

गॉर्डन १३ मार्च २०२३ रोजी, वयाच्या ७७व्या वर्षी, व्हॅकाव्हिलच्या तुरुंग-रुग्णालयात वारला. त्याला आता काही विचारता येणार नाही. त्याचं नाव खोडावं असंही मी म्हणत नाही. त्याचा वाटा खरा होता. ‘लैला’च्या रचनाकारांत रीटा कूलिज हे तिसरं नाव यायला हवं, आणि ऑलमनचं चौथं आलं तर अन्याय होणार नाही. ते येईल तेव्हा येईल. वाचकांनी तोवर ‘क्रॉनिकल्स’ शोधून त्यातलं ‘टाइम’ ऐकावं, लगेच ‘लैला’ची शेवटची चार मिनिटं लावावीत, आणि आपला कौल आपणच द्यावा.