परवाना कुणाच्या हातात?

जुना कायदा बदलणारं विधेयक संसदेत मांडलं जातं तेव्हा त्याला शेवटी एक परिशिष्ट जोडलेलं असतं. मूळ कायद्यातली जी कलमं बदलायची, ती तिथे जशीच्या तशी छापतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने विधेयक वाचायला घेतलं, तर सुरुवात या परिशिष्टापासून करावी आणि त्यात काय नाही हे आधी तपासावं. कारण इथे नव्या कायद्याने काय दिलं यापेक्षा जुन्यातलं काय जागेवर राहिलं, यावरच पोटापाण्याचा हिशेब ठरत आला आहे.

बांबूचंच घ्या. 1927 च्या भारतीय वन कायद्याने ताड आणि वेताबरोबर बांबूलाही वृक्षांत बसवलं. तोड, साठवण, वाहतूक सगळं सरकारच्या ताब्यात आलं. जंगलातून माल हलवायचा तर वनखात्याचा वाहतूक परवाना हवा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला याच जंगलांतला बांबू वर्षानुवर्षं मिळत राहिला. सुपं-टोपल्या विणणारा बुरड आणि कुंपणाला चार काठ्या आणणारा गोंड शेतकरी यांना मात्र निस्ताराच्या, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या वनोपजाच्या, नावाने जे मिळेल त्यावर भागवावं लागलं. मालगुजारी आणि जमीनदारी गेल्यावर जंगल सरकारचं झालं, आणि जी वहिवाट होती ती मेहरबानी होऊन बसली.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी दिली. पण गौण वनोपज कशाला म्हणायचं, हे त्यात सांगितलंच नाही. ते सांगितलं वनहक्क कायद्याने. त्याचं विधेयक 13 डिसेंबर 2005 ला लोकसभेत आलं तेव्हा ते फक्त अनुसूचित जमातींपुरतं होतं आणि 1980 नंतरचा ताबा त्यात धरला जाणार नव्हता. किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीने त्याची पार उलथापालथ केली. इतर पारंपरिक वननिवासी आत आले आणि मुदत 2005 पर्यंत पुढे सरकली. चंद्रपूरच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, कारण जंगलाला लागून राहणारी बिगर-आदिवासी कुटुंबं तिथे पुष्कळ. मात्र त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवणं आलं. 1930 च्या आसपासचा पुरावा भूमिहीन माणसाने आणायचा कुठून?

डिसेंबर 2006 मध्ये कायदा संमत झाला. त्यातल्या गौण वनोपजाच्या यादीत बांबू नाव घेऊन आहे. पण याच कायद्याचं 13 वं कलम सांगतं की हा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, त्यांना बाध आणणारा नाही. म्हणजे 1927 च्या कायद्यातलं अक्षरही हललं नाही. एका कायद्यात बांबू गौण वनोपज, दुसऱ्यात वृक्ष. नव्याचंच चालेल, असं वकील सांगेल. पण नाक्यावर ट्रक अडवणाऱ्यासमोर वकिली चालत नाही, तिथे परवाना लागतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे पुरतं अनुभवलं. 15 ऑगस्ट 2009 ला गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मारदा गावाला मिळालेल्या हक्कासह देशातले हे पहिलेच. बांबू तोडायचा हक्क आला, पण परवान्याचं पुस्तक वनखात्याकडेच राहिलं. मार्च 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज असल्याचं बजावलं. 27 एप्रिलला ते स्वतः गावात आले आणि पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. परवाना ग्रामसभेच्याच व्यवस्थेतून निघेल, हे नियमांत यायला 2012 चा सप्टेंबर उजाडला. संसदेने 2006 मध्ये केलेला बदल रस्त्यावर उतरायला अशी वर्षं गेली.

हक्क मिळाला की गाव जंगल ओरबाडून खाईल, अशी भीती घालणाऱ्यांनी गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पाहावं. 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टरवर हक्क मिळाल्यावर तिथली ग्रामसभा बांबू स्वतः विकू लागली. तेंदूपत्ता मात्र तिने बंद केला, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हातचा पैसा सोडण्याचा निर्णय ज्याच्याकडे मालकी आहे तोच घेऊ शकतो.

2017 च्या नोव्हेंबरात आधी अध्यादेश काढून आणि नंतर विधेयक आणून सरकारने 1927 च्या व्याख्येतून बांबू काढून टाकला. सुटला तो शेतातला बांबू. जंगलातून आणलेला बांबू आजही वनोपजच आहे. आणि मोहफूल? त्याच कायद्यानुसार ते जंगलात सापडो वा बाहेर, वनोपजच. बांधावरचा बांबू मोकळा झाला, बांधावरचा मोह अजून कायद्याच्या यादीत आहे. जुन्या कायद्याचं अक्षरही न बदलणाऱ्या कायद्याने इथल्या गावांना सर्वांत जास्त दिलं, आणि ज्याने थेट व्याख्या बदलली त्याने जंगलातल्या माणसाला काहीच दिलं नाही.

2023 चं वनसंवर्धन दुरुस्ती विधेयकही संयुक्त समितीकडे गेलं होतं. तिथून ते एकही बदल न होता परत आलं आणि संमत झालं. नक्षलग्रस्त भागात सुरक्षा दलांचे तळ आणि ठरवलेली लोकोपयोगी कामं यांसाठी 5 हेक्टरपर्यंतची वनजमीन आता वनसंवर्धन कायद्याच्या कक्षेबाहेर काढता येते. भामरागड-एटापल्लीला रस्ता हवा, टॉवर हवा, याबद्दल वाद नाही. पण शाळा, रस्ता, दवाखान्यासाठी वनहक्क कायद्यात आधीच सोय आहे: 1 हेक्टरपेक्षा कमी जागा, आणि ग्रामसभेची शिफारस. नव्या सवलतीत हेक्टर पाचपट झाले आणि ग्रामसभेचा उल्लेखच उरला नाही. वनहक्क कायदा रद्द झालेला नाही, हे खरं. पण वनजमीन दुसऱ्या कामाला वापरण्याआधीची केंद्राच्या पूर्वपरवानगीची पायरीच गळाली, तर ग्रामसभेला विचारलं का, हे कुणी तपासायचं?

2005 च्या विधेयकाला समितीत माणसांचा हात लागला, 2023 च्या विधेयकाला लागला नाही. फरक इथे पडला. बांबूचा लिलाव करणाऱ्या, हिशेब गावासमोर मांडणाऱ्या आणि परवान्यावर स्वतः सही करणाऱ्या ग्रामसभा या दोन जिल्ह्यांत आहेत. जंगलाचा कायदा बदलणारं पुढचं विधेयक ज्या समितीकडे जाईल, तिने गडचिरोलीत येऊन बसावं आणि या ग्रामसभांची साक्ष मराठीत आणि गोंडीत नोंदवून घ्यावी. मतदान त्यानंतर.