पारध, अटन आणि अपरिचित रान

अचलपुराहून उत्तरेकडे दृष्टी टाकली असता सातपुड्याची निळसर रांग दिसते. परतवाडा मागे टाकून घटांग, सेमाडोह, हरिसाल या वाटेने गेले की मेळघाटाचे सागवानी अरण्य लागते. सांबर, चितळ, भेकर, चौशिंगा यांचे ते वसतिस्थान होय. इंग्रजी अमदानीत अशा सरकारी अरण्यांचे शिकारीसाठी गट पाडलेले असत. परवाना घेऊन दूरचा साहेब येई, नेमलेल्या मुदतीत नेमलेली जनावरे मारी आणि निघून जाई. त्याला रानाची वाट ठाऊक नसे. पाणवठा कोठे, सांबर कोणत्या उताराने खाली येते, हे दाखविणारा कोरकू वाटाड्या त्याच्यापुढे चाले. हाका घालणारी माणसेही त्याच परिसरातील असत. १९७२ साली वन्य जीव संरक्षण अधिनियम झाला, १९७४ साली मेळघाट व्याघ्रप्रकल्पात आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर शिकार करण्याची तरतूदच कायद्यातून नाहीशी झाली. तेव्हा हा प्रश्न मिटला, असे कोणासही वाटेल. परंतु कायद्याने हात आवरला जातो. मनातील शंका त्याने मिटतेच असे नाही. हरिण मारू नये, हा निषेध केवळ राजाज्ञेचा आहे की धर्माचा, याचा निर्णय विचारानेच करावा लागतो.

हा विचार आज करण्यास आणखी एक कारण आहे. वऱ्हाडातील कित्येक घरांतील मुले उद्योगानिमित्त अमेरिकेत राहतात. त्या देशात हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि सज्जन समजली जाणारी माणसेही ती करतात. तेथील राष्ट्रीय वनांचेच क्षेत्र सुमारे १९ कोटी एकर आहे. ती भूमी सर्व प्रजेची मानली जाते, म्हणून परवाना घेऊन कोणीही परका मनुष्य तिच्या बहुतेक भागांत शिकारीस जाऊ शकतो. त्यांतील काही जण बंदूक बाजूस ठेवून मुद्दाम धनुष्य हाती घेतात. अशा सुशील शेजाऱ्याने आपली बाजू मांडली, तर मुलाने काय उत्तर द्यावे? प्रतिपक्षाला दुष्ट ठरवून दिलेले उत्तर हे उत्तर नव्हे. म्हणून प्रथम त्याचा पक्ष त्याच्याच मुखाने ऐकला पाहिजे.

धनुर्धर म्हणतो, "बंदूकवाला शंभर-दोनशे पावलांवरून मारतो, मला वीस-पंचवीस पावलांपर्यंत जावे लागते. त्यासाठी अपरिचित रानात आधी अनेक दिवस पायी हिंडावे लागते. खुरांचे ठसे, लेंड्या, शिंगांनी सोललेली झाडांची साल, चरण्याची जागा व विसाव्याची जागा यांमधील वाट, हे सर्व वाचावे लागते. वारा माझ्याकडून हरणाकडे वाहू लागला की दिवस वाया जातो. पहाटेपूर्वी जाऊन झाडावर तासन्‌तास निश्चल बसतो. बहुतेक दिवस रिकाम्या हातांनी परततो. मादी, पाडस, आडोशात उभे असलेले जनावर, यांवर बाण टाकीत नाही. मारतो ते खातो. १९३७ सालच्या कायद्यान्वये शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील कर वन्य जीवांच्या रक्षणासाठी जातो. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणांवरही तो बसला. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील पांढऱ्या शेपटीची हरणे काही लाखांवर आली होती. आज ती कोट्यवधी आहेत. लांडगे बहुतेक ठिकाणी उरले नाहीत. हरणे वाढली की रान खाऊन टाकतात आणि हिवाळ्यात उपासाने मरतात. मग माझा दोष कोणता?"

या पक्षात सत्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. संयम, एकान्त, मौन, इंद्रियांची जागरूकता, हाती आलेली संधी सोडून देण्याचे धैर्य, हे गुणच आहेत. विचित्र योग असा की, ज्या १९७२ साली भारताने वन्य जीवांसाठी शिकारीला बंधन घातले, त्याच साली अमेरिकेने वन्य जीवांसाठी शिकाऱ्याच्या बाणावर कर बसविला. तेव्हा केवळ हेतूची घोषणा पाहून निर्णय होणार नाही. कर्माचे स्वरूप तपासले पाहिजे.

प्रथम बाणाचे कार्य पाहावे. बाणाने हरीण बहुधा जागच्या जागी पडत नाही. पात्याने अंतर्भाग चिरला जातो, रक्त वाहते आणि जनावर धावत सुटते. जाणते शिकारीच सांगतात की लगेच मागे धावू नये. अर्धा तास, घाव पोटात बसला असल्यास कित्येक तास थांबावे आणि मग पानांवरील रक्ताचे थेंब पाहत माग काढावा. ओळखीच्या रानात माग काढणे कठीण. अपरिचित रानात तर ओढा, दरी, काटवण, दाट गवत, प्रत्येक ठिकाणी तो तुटू शकतो. पाऊस आला की थेंबही पुसले जातात. मग हरीण कोठे तरी एकटे मरते आणि मारणारा रिकाम्या हातांनी घरी येतो. त्या मरणाला साक्षी नसतो, त्या मांसाचा कोणाला उपयोग नसतो. "मारतो ते खातो" हे वचन पाळणे सर्वस्वी त्याच्या हाती नाही. ज्या भूमीला तो ओळखत नाही, तेथे तर मुळीच नाही. यावरून असे दिसते की, शिकारीच्या स्वतःच्या नीतीलाही भूमीचे पूर्ण ज्ञान हवे असते, आणि परक्या रानात आलेल्याजवळ नेमके तेच अपुरे असते.

पुराणेतिहासात बाणाचे जे मोठे प्रमाद वर्णिले आहेत, त्यांच्या मुळाशीही अज्ञानच आहे. दशरथाने शरयूच्या तीरी अंधारात घागरीचा आवाज ऐकला आणि हत्ती समजून बाण सोडला. तो लागला आंधळ्या मातापित्यांच्या आधाराला. पंडूने वनात हरणाची जोडी विद्ध केली. ते हरीण किंदम ऋषी होते. मौसलपर्वात जरा व्याधाने भगवान श्रीकृष्णांच्या चरणाला मृग मानले. हे तिघेही नेमबाजीत उणे नव्हते. लक्ष्य अचूक साधले गेले. परंतु समोर कोण आहे, हेच त्यांना कळले नाही. येथे कोणी म्हणेल, हरीण खरोखर हरीणच असेल तर प्रमाद कोठे राहिला? त्याचे समाधान असे की, समोर हरणाचे शरीर आहे एवढे पाहणे हे अर्धेच ज्ञान होय. त्या शरीरात जो जीव आहे, तो मारणाऱ्याच्या जीवासारखाच अनादी अविद्येने बद्ध असून कर्मानुसार त्या योनीत आलेला आहे. सर्वज्ञांच्या निरूपणात जीव हा जीवच; देहाच्या भेदाने त्याचे जीवत्व उणे होत नाही. ठसे, लेंड्या व वारा यांवरून सर्व जाणले आणि हे जाणले नाही, तर धनुर्धराचे ज्ञान शरयूतीरीच्या अंधाराहून फार पुढे गेले नाही.

दुसरा विचार भूमीचा. "ही सर्वांची भूमी आहे" हे वाक्य ऐकण्यास उदार वाटते. परंतु त्या सर्वांत कोण येतो? अमेरिकेतील अर्वाचीन धनुर्धारी शिकारीच्या परंपरेचे एक मूळ 'इशी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुरुषापाशी जाते. तो कॅलिफोर्नियातील याही जमातीचा. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्या लोकांचा संहार केला आणि १९११ साली तो एकटाच डोंगरातून बाहेर आला. सॅक्स्टन पोप नावाच्या वैद्याने त्याच्यापासून धनुष्य करणे व चालविणे शिकून घेतले आणि पुढे त्यावर ग्रंथ लिहिला. १९१४ साली इशीला त्याच्याच डोंगरात नेण्यात आले, तेव्हा तो तेथे पाहुण्यासारखा होता. १९१६ साली तो क्षयाने वारला. विद्या घेतली गेली, रान घेतले गेले. रानाचा मनुष्य उरला नाही.

वऱ्हाडात असेच काही फासेपारध्यांच्या बाबतीत घडले. फासे लावून हरीण, तित्तर, लावा धरणे हा त्यांचा पिढ्यांचा जीवनक्रम होता. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यांसारख्या अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच अपराधाचा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पुढे वीस वर्षांत त्यांची उपजीविका नव्या कायद्याने अपराध ठरली. हिंसा ती हिंसाच, यात शंका नाही. परंतु ज्याने पोटासाठी फासा लावला त्याला चोर म्हणावे आणि ज्याने विनोदासाठी परवाना काढला त्याला रसिक म्हणावे, हा न्याय नव्हे. हिंसा सोडावयास सांगणाऱ्याने सोडणाऱ्याच्या भाकरीचाही विचार केला पाहिजे. एऱ्हवी त्याचा उपदेश दुसऱ्याच्या पोटावर उभा राहतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळावे. अपरिचित रान ही शिकाऱ्याचीच भूमी नव्हे. ती साधकाचीही आहे. आपल्याला कोणी ओळखीत नाही आणि आपण कोणाला ओळखीत नाही अशा ठिकाणी, देशाच्या शेवटी झाडाखाली असावे, असा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचा साधकास उपदेश आहे. अटन व विजन हे त्याच्या आचाराचे अंग होय. बाहेरून पाहिले तर दोघांचे वर्तन किती सारखे! दोघेही पहाटे उठतात, एकटे जातात, बोलत नाहीत, हालचाल आवरतात. झाडाखाली निश्चल बसलेल्या मनुष्याजवळ हरीण येते, कारण त्या निश्चलतेत त्याला भय दिसत नाही. वीस पावलांवर आलेले हरीण ही साधकाच्या अहिंसेची परीक्षा होय. धनुर्धराला ते केवळ अंतर असते. स्थैर्य तेच, मौन तेच. एकाचे मौन हरणाला अभय देते. दुसऱ्याचे मौन अभयाचे रूप घेऊन त्याला फसविते. धनुर्धराचे गुण खरे असूनही त्याचे कर्म शुद्ध का होत नाही, याचे उत्तर येथे आहे. ज्या गुणांवर जीव विश्वासतो, तेच गुण त्याच्या घाताचे साधन केले जातात.

लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा साधनवंतांस परिचित आहे. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला. मागोमाग पारधी आले आणि त्यांनी ससा मागितला. तो साधा ससा नव्हता, होडेचा होता. त्यावर पैज लागली होती. म्हणजे त्या पारध्यांजवळही नियम होता, शब्द होता, हरण्याजिंकण्याचा मान होता. आजचा धनुर्धर ज्याला न्याय्य शिकार म्हणतो, त्याचेच ते जुने रूप. परंतु त्या पैजेत सशाची संमती कोणी विचारली होती? खेळ दोघांनी मान्य केला तरच तो खेळ. एकाचा खेळ आणि दुसऱ्याचे मरण, याला नियम लावल्याने तो खेळ होत नाही. स्वामींनी पारध्यांचा तिरस्कार केला नाही, त्यांना हाकलून दिले नाही. त्यांच्याशी बोलून शरण आलेल्याचे मरण टाळले. पारधी सशाविना परतले. मग मांडी उचलून सशाला मोकळे केले. येथे शरण म्हणजे शब्दाने शरण नव्हे. सशाला भाषा नाही. जवळ येणे हीच त्याची शरणागती.

या दृष्टीने पाहता मेळघाटासारखे राखलेले अरण्य काय आहे? चहूकडे नांगरलेल्या भूमीत उरलेली ती एक मांडी आहे. तिच्या खाली जे जीव शिरले आहेत, ते सर्वांची मालमत्ता नसून सर्वांना शरण आलेले आहेत. हरणांची संख्या वाढली हा आक्षेप तेथे वाघ व रानकुत्रा यांच्यामुळे बहुधा उद्भवत नाही. आणि जेथे उद्भवतो, तेथे लांडगा नाहीसा करणारा मनुष्यच होता, याचे विस्मरण होऊ नये. आपणच केलेली उणीव भरून काढणे आणि त्यात आनंद मानणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

एक आक्षेप मात्र सोपा नाही, आणि तो वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा आहे. रोही, काळवीट, रानडुक्कर तुरीच्या, हरभऱ्याच्या शेतात उतरतात आणि एका रात्रीत हंगाम नेतात. मचाणावर जागून शेतकरी डोळे लाल करतो. कायद्याच्या ११ व्या कलमानुसार पिकांची हानी करणाऱ्या काही प्राण्यांच्या बाबतीत मारण्याची परवानगी देता येते. अशा मनुष्यापुढे अहिंसेचे निरूपण करणाऱ्याने आपल्या झोळीत पाहावे. तिच्यातील भाकर त्याच जागरणातून आलेली असते. भिक्षान्न घेणारा हिंसेपासून सर्वस्वी अलिप्त आहे, असे त्याने समजू नये. शेत राखणे आणि परक्या रानात मौजेसाठी मारणे यांत मात्र अंतर आहे. पहिला आपल्या घराच्या दारात उभा असतो. दुसरा हरणाच्या दारात. पहिल्याचे ओझे सर्वांनी वाटून घ्यावे: कुंपणाला साहाय्य करावे, भरपाईसाठी त्याच्याबरोबर कचेरीची पायरी चढावी, रात्रीच्या राखणीला माणूस द्यावा. एवढे केल्यावरच 'मारू नको' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार येतो. न केल्यास तो शब्द पोकळ राहतो.

तेव्हा परदेशी राहणाऱ्या मुलाने शेजाऱ्याशी वाद घालू नये. त्याच्या संयमाची, पायपिटीची, रानाच्या ज्ञानाची मोकळेपणाने प्रशंसा करावी. शक्य असल्यास एक दिवस पहाटे त्याच्याबरोबर धनुष्याविना त्या अपरिचित रानात जावे, झाडाखाली स्वस्थ बसावे. वारा अनुकूल असेल, हालचाल झाली नाही, तर हरीण येईल. ते वीस पावलांवर उभे राहील, कान हलवील, क्षणभर त्या दोघांकडे पाहील. त्या क्षणी ते का आले, एवढाच प्रश्न शेजाऱ्याला विचारावा, आणि उत्तराची घाई करू नये.