संशय आणि सावधगिरी

२०१४ च्या फेब्रुवारीत रशियातील सोची येथे हिवाळी ऑलिम्पिक भरले, तेव्हा विमानप्रवाशांवर आलेल्या निर्बंधांची पुष्कळ थट्टा झाली. रशियाने हातातल्या सामानात थेंबभर द्रवही नेण्यास बंदी केली. टूथपेस्टच्या नळीत स्फोटक दडवले जाईल, असा इशारा अमेरिकेने रशियाकडे जाणाऱ्या विमान कंपन्यांना दिला. दात घासण्याच्या नळीवर एवढा अविश्वास! पण आदल्याच डिसेंबरात व्होल्गोग्राड येथे दोन दिवसांत दोन स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे हसू ओसरते.

प्रश्न मात्र उरतो. परक्याला घरात घेण्याची आज्ञा ज्यांना आहे, त्यांनी निरपराध पाहुण्याकडे संशयाने पाहावे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी या गाठीची उकल तेराव्या शतकातच करून ठेवली आहे. उपाय योजताना वाईटात वाईट गृहीत धरावे, कारण मोठ्या रोगाला लागू पडणारे औषध लहान रोगालाही लागू पडते. परंतु माणसाविषयी निवाडा करताना, उघड पुरावा नसेल तर, त्याला भलाच मानावे. सेमिनरीत आम्ही हा भेद पाठ केला. तो विमानतळावर उपयोगी पडेल असे तेव्हा वाटले नव्हते.

सोलच्या १९८८ च्या ऑलिम्पिकमध्ये विघ्न आणण्यासाठी उत्तर कोरियाच्या दोन हस्तकांनी २९ नोव्हेंबर १९८७ रोजी कोरियन एअरचे विमान उडवले. बगदादला ते चढले आणि स्फोटक भरलेला रेडिओ व मद्याची बाटली डोक्यावरच्या कप्प्यात ठेवून अबुधाबीला उतरले. ११५ जीव गेले. त्यांत बहुतेक आखातात राबून घरी परतणारे कोरियन कामगार होते. आखातातून येणाऱ्या माणसाची वाट पाहणारी घरे आमच्या धर्मग्रामांतही आहेत. त्यांना अधिक सांगणे नलगे. त्या दोघांजवळचे पासपोर्ट जपानी होते, बाप-लेकीच्या नावांचे, बनावट. देश पाहून माणूस पारखणाऱ्याने त्यांना हसतमुखाने पुढे सोडले असते. पारखायला हवी होती ती बाटली.

म्हणून बाटली सर्वांची तपासावी, मंत्र्यांची आणि आम्हां धर्मगुरूंचीही. देशाचे नाव वाचून एकालाच रांगेबाहेर काढणे हा उपाय नव्हे, तो निवाडा होय. परदेशी विमान कंपनीला अधिक कडक नियम लावायचे असतील, तर तिची तपासणी ढिली आहे हे दाखवावे लागेल. ती परकी आहे, एवढे कारण पुरत नाही. आणि एखाद्याची वेगळी झडती अटळच असेल, तर ती आडोशाला घ्यावी, सभ्य भाषेत घ्यावी, आणि उपसलेली बॅग गणवेशातल्या माणसाने स्वतः आवरून द्यावी. तेवढ्याने विमानाला उशीर होत नाही.