कला कुणाची?

जुलै २०२५मध्ये नॅशनल बॅले ऑफ जपानने लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ‘जिझेल’ सादर केला. बातमी वाचून माझ्या मनात पहिला शब्द आला: नक्कल. युरोपचीच कला युरोपला काय दाखवायची?

मग इतिहास वाचला. १८४१मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेला हा बॅले १८६८नंतर पॅरिसनेच सोडून दिला. तो टिकला रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर. १९१०मध्ये रशियन नर्तकांनीच तो पॅरिसला परत नेला.

म्हणजे कलेवरचा हक्क जन्माने मिळत नसावा. तो रोजच्या रियाजाने मिळतो आणि रियाज थांबला की जन्मदात्याचाही जातो.

‘नक्कल’ म्हणताना मी त्या नर्तकांचे पाय पाहिलेच नव्हते. फक्त पासपोर्ट पाहिले होते.