देवता की परमेश्वर?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आणि माझा रूममेट अमरावतीत खोली करून राहत होतो. तो अकोल्याचा, ख्रिस्ती घरातला. नाताळच्या सुट्टीनंतर तो आईनं केलेल्या करंज्यांचा डबा घेऊन आला, आणि त्याच रविवारी मी त्याला मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावी घेऊन गेलो. त्यानं डबा आजीसमोर उघडला. आजीनं हात लावला नाही.

"परसाद हाय का खाऊ हाय?" तिनं विचारलं.

माझी आजी महानुभाव. देवतांना वाहिलेलं ती तोंडात घालत नसे. गणपतीतले मोदकसुद्धा तिनं कधी खाल्ले नाहीत. मित्र म्हणाला, "नाही आजी, आमच्यात नैवेद्य दाखवत नाहीत. नुसता फराळ आहे." तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही.

"तुमचा येशू देवता हाय का परमेश्वर?"

"देवाचा पुत्र आहे, आजी."

"ते समजलं. पन तो सोता परमेश्वर हाय, का त्याच्या खालचा?"

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. दोन्ही."

"मंग आमच्या स्वामीवानीच हाय," असं म्हणून आजीनं करंजी उचलली.

परतीच्या एसटीत मित्र म्हणाला, "तुह्या आजीनं संडे स्कूलपेक्षा कठीन इचारलं बे." आम्ही दोघंही हसलो. आजीनं विचारलेल्या प्रश्नावरून माणसं देशोधडीला लागली होती, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

चौथ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात अरियस नावाचा धर्मगुरू होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव एकच, त्याला आरंभ नाही. पुत्र पित्यापासून झाला, म्हणजे कधीतरी तो नव्हता. म्हणून तो कितीही थोर असला तरी निर्माण झालेलाच. आजीच्या भाषेत सांगायचं तर अरियसचा येशू सर्वांत मोठी देवता होता, परमेश्वर नव्हता. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं निकियाला बिशपांची परिषद भरवली. तिनं निर्णय दिला की पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे. पुढं काहींनी 'समतत्त्व' म्हणून तडजोड करून पाहिली. ग्रीकमध्ये या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, आणि त्यावरून कित्येक बिशपांना गादी सोडावी लागली. निकियाच्या बाजूचा सर्वांत खंबीर माणूस अथनेशियस. त्याला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली.

एका अक्षरासाठी एवढं? मलाही आधी हा प्रकार हास्यास्पद वाटला होता. तो तसा नाही हे मला अकोल्यात कळलं. मित्राच्या आग्रहानं एका शुभ शुक्रवारी मी त्यांच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. त्या दिवशी येशूनं वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वचनांवर एकामागून एक प्रवचनं होतात. बाहेर अकोल्याचं ऊन, आत पंख्यांची घरघर. चौथं वचन आलं: देवानं आपल्याला का टाकलं, असा तो प्रश्न आहे. माझ्या शेजारी एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. तोवर त्या शांत होत्या, त्या वचनाला त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांचं काय गेलं होतं मला ठाऊक नाही. मी मात्र वेगळ्याच विचारात होतो. हा जर देव आहे, तर विचारतोय कुणाला?

अरियसचं उत्तर सोपं आहे: खालचा वरच्याला विचारतोय. पण मग त्याचा अर्थ काय होतो? वर बसलेल्यानं दुःख भोगायला हाताखालच्याला पाठवलं आणि स्वतः कोरडा राहिला. आमच्या क्षेत्रात असले वरिष्ठ पुष्कळ भेटतात. रात्री सर्व्हर कोसळला की ज्युनिअरला कॉलवर बसवतात आणि सकाळी मेलवर धन्यवाद देतात. निकियाचा हट्ट मला या बाजूनं समजला. वधस्तंभावरचा माणूस देवाचा दूत नसून खुद्द देवच असेल, तर टाकून दिलेल्या कुठल्याही माणसाला 'देव तुझ्या बाजूला नाही' असं म्हणता येत नाही. शेजारच्या बाईंना तत्त्वज्ञान नको होतं. आपल्या जागी तो येऊन गेला आहे, एवढंच त्यांना हवं होतं. ते 'एकतत्त्व' शब्दाशिवाय मिळत नाही.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. तो देव होता आणि आपण देव आहोत हे त्याला ठाऊक होतं, तर त्याची भीती आपल्या भीतीसारखी कशी? निकाल माहीत असलेल्या परीक्षेत कसला घाम फुटणार? लाओडिशियाच्या अपॉलिनॅरिस या बिशपानं यावर तोड काढली होती: येशूचं शरीर माणसाचं, पण माणसाच्या बुद्धीच्या जागी दैवी शब्द. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं ते मत फेटाळलं. त्यामागचा विचार सरळ होता: देवानं माणसाचं जे स्वीकारलंच नाही, ते बरं कसं होणार? आणि माणसाचं सगळ्यांत आजारी काय असतं तर त्याचं मनच. शेवटी ४५१ मध्ये चाल्सिडनला सूत्र ठरलं: एक व्यक्ती, दोन स्वभाव, त्यांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. माझ्या मित्राला लहानपणापासून पाठ होतं ते हेच. इजिप्तच्या, आर्मेनियाच्या आणि सीरियाच्या परंपरेतल्या चर्चना ते तेव्हाही पटलं नाही. केरळातली काही सीरियन चर्च आजही त्या परंपरेत आहेत.

अपॉलिनॅरिसबद्दल वाचताना मला घरचं आठवलं. महानुभाव परंपरेनुसार भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव वारला आणि त्याच्या देहात द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी प्रवेश केला. तेच चक्रधरस्वामी. देह माणसाचा, आत परमेश्वर. महानुभाव मतात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि एकमेकांहून वेगळे. देवता कितीही मोठी असली तरी तिच्याकडून मोक्ष मिळत नाही. तो परमेश्वरच देऊ शकतो, म्हणून त्याला मनुष्यरूपात यावं लागतं. अथनेशियसचा युक्तिवादही याच चालीचा होता: वाचवणारा स्वतः परमेश्वर नसेल, तर वाचवणं पुरं होत नाही. आजीला अलेक्झांड्रिया माहीत नव्हतं, पण प्रश्न नेमका कुठं लावायचा हे तिला बरोबर कळत होतं.

आमच्या गावापासून रिद्धपूर जवळ. चक्रधरांनंतर त्यांचे अनुयायी तिथं गोविंदप्रभूंजवळ जमले आणि म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून 'लीळाचरित्र' तयार केलं, मराठीतला पहिला गद्यग्रंथ. त्यातला परमेश्वर चालतो, जेवतो, झोपतो, आडोशाला आलेल्या सशाला वाचवतो. एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ असतील तर तेही नोंदलेले असतात. चार शुभवर्तमानांतही तसंच आहे. मार्कच्या येशूला कुणी 'चांगला' म्हटलं, तर चांगला फक्त देव आहे असं तो त्याला अडवतो. योहान मात्र पहिल्याच वाक्यात शब्दाला देव म्हणतो. दोन्ही एकाच पुस्तकात बांधलेले आहेत. साक्षी जुळत नाहीत म्हणून कुणी एकीला फाडून टाकलं नाही.

हा वाद मराठी माणसाच्या आयुष्यात सर्वांत तीव्रपणे घडला तो पंडिता रमाबाईंच्या. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेनं इंग्लंडला गेल्या. वय पंचवीस, पती वारलेले, बरोबर लहानगी मनोरमा. वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बहिरेपणामुळं वैद्यकीचा विचार सोडावा लागला आणि त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. आता ही विदुषी आपल्या घडणीत बसेल असं सगळ्यांना वाटलं. पण रमाबाई बायबल वाचत होत्या, आणि त्यांना त्यात त्रैक्य सापडेना. देव एक आहे, येशू तारणारा आहे, हे त्यांना मान्य होतं. पण पुत्र पित्याच्या बरोबरीचा, हे न मानणारा नष्ट होईल असं बजावणारा अथनेशियसच्या नावानं चालणारा विश्वासांगीकार त्या म्हणेनात. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रांतून प्रदीर्घ वाद झाला. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवल्यावर दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी जेराल्डिनना स्पष्ट कळवलं.

हे कुणासमोर चाललं होतं ते लक्षात घ्यायला हवं. राहायला जागा, मुलीचा सांभाळ, शिक्षण, सगळं याच लोकांच्या हातात होतं. मायदेशी धर्म सोडला म्हणून शिव्या मिळत होत्या, आणि इथं नवा धर्म पुरता घेतला नाही म्हणून अहंकारी ठरत होत्या. एक वाक्य उच्चारलं असतं तर अर्धा त्रास संपला असता. रमाबाईंना ते वाक्य खोटं आहे असंही खात्रीनं म्हणायचं नव्हतं. आपल्याला ते अजून कळलेलं नाही आणि न कळलेलं आपण म्हणणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढं १८९१ च्या सुमारास त्यांची श्रद्धा स्वतःच्या अनुभवातून पालटली आणि खोल झाली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घालवली. ती श्रद्धा कुणी वदवून घेतलेली नव्हती, म्हणूनच ती त्यांची होती असं मला वाटतं.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळंच मी हे वाचायला लागलो.

आजीची इच्छा होती की मी उपदेश घ्यावा. उपदेश घेणं म्हणजे पंचकृष्णांनाच परमेश्वर मानीन, दुसऱ्या कुणाला भजणार नाही, अशी बांधिलकी. माझा विश्वास नव्हता. खोटं बोलून दीक्षा घ्यायची नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. दर सुट्टीत ती विचारायची आणि मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी, आजी." पुण्यात नोकरी लागली तरी उत्तर तेच. शेवटच्या आजारपणात तिनं विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "तुह्या मनात नाही, हे मले ठाव हाय."

ती गेल्यावर बरेच दिवस मी रमाबाईंचा आधार घेत होतो. त्यांनीही न पटलेलं म्हटलं नाही, मीही नाही. मग तुलनेतली खोट दिसू लागली. रमाबाईंनी नकार दिला तो आपल्यावर सत्ता असलेल्यांना. माझ्या आजीची माझ्यावर कसली सत्ता होती? तिला नाकारायला धैर्य लागत नव्हतं. मग तिच्या समाधानासाठी उपदेश घ्यायला हवा होता का? काही दिवस मला तसंही वाटलं. पण आजीला ते कळलं असतं. देवता आणि परमेश्वर यांत जिला फरक कळत होता, तिला नातवाचं तोंडदेखलं 'हो' कळलं नसतं का?

शिवाय रमाबाईंच्या समोरही नुसती सत्ता नव्हती. सिस्टर जेराल्डिनना पत्रं लिहिताना त्या त्यांना 'आजीबाई' म्हणत. तीच आजीबाई, जिच्याशी त्या येशूच्या देवत्वावरून पानंच्या पानं भांडत होत्या. म्हणजे माया होती आणि नकारही होता, दोन्ही एकाच पत्रात. रमाबाई 'पुढच्या वर्षी' म्हणाल्या नाहीत. मला इतकं पटतं, इथून पुढचं पटत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं. समोरच्या माणसाला आपल्याशी भांडता येईल एवढा मान दिला. मी आजीला तो दिला नाही. खोटं बोलायचं नाही म्हणून मी उपदेश टाळला, आणि टाळण्यासाठी वर्षानुवर्षं खोटं बोललो. सशाची लीळा मला आवडते, गोविंदप्रभू त्या काळात महारामांगांच्या घरी जात हे मला कुठल्याही चमत्काराहून मोठं वाटतं, पण ते परमेश्वर होते असं मला म्हणता येत नाही, हे तिला एकदा तरी सांगायला हवं होतं. ती रागावली असती. कदाचित रडली असती. पण मग तिनं मला एखादा प्रश्न विचारला असता, आणि तिचे प्रश्न चांगले असत.

रमाबाईंची ती पत्रं आज आपल्याला वाचता येतात ती जेराल्डिनमुळं. ज्या वादात आपली बाजू लागू पडली नाही, तो सगळा पत्रव्यवहार त्या जोगिणीनं जपून ठेवला, नीट लावला. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं तो छापला. गेल्या नाताळात मित्राचा फोन आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "तुह्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर मले अजून नीट देता येत नाही. पन करंज्या पाठवतो."